डीच्या आतून : हॉकीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ‘हॉकीबद्दल काय हवं ते विचारा’ असं लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठा आला. निम्म्या मुलामुलींना ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकनं ओढत नेऊन गोलकडे सोडायचा फटका) शिकायची आहे, उरलेल्यांना भारताचा माजी गोली श्रीजेश याच्यासारखी उडी मारायची आहे. मी स्वतः गोली, म्हणजे गोलकीपर. खेळणं थांबल्यावरही गोलपोस्टजवळच उभी राहून मुलांना शिकवते. तेव्हा गोलींच्या पत्रांना थोडी जास्त जागा दिली, तर फॉरवर्ड मंडळींनी रागावू नये. त्यांचे फोटो एरवीही छापून येतात.

मी आठवीत आहे, सेंटर हाफ (मधल्या फळीत, मधोमध) खेळते. मला ड्रॅग फ्लिक शिकायची आहे, पण आमचे सर म्हणतात, ‘आधी बॉल थांबवायला शीक.’ बॉल तर मला थांबवता येतो! मग ते का शिकवत नाहीत? (फलटण तालुका, जि. सातारा)

मी तुझ्या सरांच्या बाजूची आहे, आधीच सांगून टाकते.

थांबवता येतो म्हणजे नेमकं काय येतं, ते एकदा तपासून बघ. दोन मैत्रिणींना घे. एकीनं पंधरा-वीस पावलांवरून जोरात हिट मारायची, दुसरीनं तुझ्या मागे उभं राहून हाताची बोटं दाखवायची, कधी दोन, कधी चार. बॉल निघाल्यापासून तुझ्या स्टिकला लागेपर्यंतच्या वेळात तू मान वळवून मागे बघायचंस, बोटांचा आकडा ओरडून सांगायचास आणि बॉलही थांबवायचास. पहिल्या दिवशी बॉल स्टिकखालून जाईल, नाहीतर आकडा चुकेल. सेंटर हाफला मॅचमध्ये हेच करावं लागतं. बॉल येतानाच मागे कोण आहे, कुणाला पास द्यायचा, हे ठरलेलं असावं लागतं. बॉल स्टिकवर आल्यावर मान वर करणारी हाफ एका झटक्यात बॉल गमावते.

आता हात. डावा हात वर, घट्ट. उजवा खाली आणि सैल. बॉल स्टिकला लागतो त्या क्षणी उजवा हात किंचित मागे जाऊ दे. तिसऱ्या मजल्यावरून कुणी घराची किल्ली टाकली तर आपण हात ताठ ठेवून झेलत नाही, हात खाली घेत घेत झेलतो, तसं. दांड्याचा वरचा भाग बॉलच्या दिशेनं थोडा पुढे कललेला ठेव, म्हणजे बॉल स्टिकवर चढून वर उडत नाही. आणि बॉल पायात घेऊ नकोस. पायात अडकलेला बॉल सोडवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात समोरची टॅकल करून मोकळी होते.

ड्रॅग फ्लिक तुला शिकू नको म्हणत नाही. पण त्या फटक्यात डावा पाय लांब टाकून, जवळजवळ बसून, कमरेतून पूर्ण पीळ घेऊन बॉल ओढत सोडायचा असतो. सगळा भार कमरेवर येतो. वाढत्या वयात, पोटाचे आणि पाठीचे स्नायू तयार नसताना रोज पन्नास फ्लिक मारणाऱ्या मुली मी बघते आणि मग त्या पाठ धरून बाकावर बसलेल्याही बघते.

दुसरं म्हणजे ड्रॅग फ्लिक मारतात ती पेनल्टी कॉर्नरला (समोरच्या टीमनं डीत, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, फाऊल केला की मिळणारी संधी, थोडक्यात पीसी), आणि तो एकटीचा नसतो. एक जण पोस्टपासून किमान १० मीटर लांब, गोललाइनवरून बॉल बाहेर देते. दुसरी तो डीच्या बाहेर थांबवते. मग तिसरी मारते. बॉल डीबाहेर गेल्याशिवाय गोल धरत नाहीत, म्हणजे देणारीचा पुश ढिला पडला किंवा थांबवणारीकडून बॉल उसळला की जगातली सगळ्यात भारी फ्लिकर नुसती बघत राहते. भारताच्या हरमनप्रीतनं पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये दहा गोल केले, बहुतेक पीसी आणि पेनल्टी स्ट्रोकवर (समोर फक्त गोली असताना मारायचा फटका). ते सगळे गोल आठवणाऱ्यांपैकी बॉल कुणी दिला आणि कुणी थांबवला, हे कितीजण सांगतील? तू सरांना जाऊन सांग, ‘मला पीसीला बॉल द्यायला आणि थांबवायला शिकवा.’ नाही म्हणणार नाहीत. तुझ्याच तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या आहेत. त्यांच्या मॅचचे व्हिडिओ लाव, पण बॉलकडे बघू नकोस. बॉल नसताना त्या काय करतात ते बघ.

मी पंधरा वर्षांचा आहे, गोली आहे. माझ्या डाव्या बाजूनं फार गोल होतात. सगळे म्हणतात, ‘डाइव्ह कमी पडते.’ डाइव्ह लांब जाण्यासाठी कुठले व्यायाम करू? (नागपूर)

व्यायाम नंतर. आधी घरातली कपडे वाळत घालायची दोरी घे. आईला विचारून घे.

दोरीचं एक टोक एका पोस्टला बांध, दुसरं टोक दुसऱ्या पोस्टला. मधला भाग ओढून डीच्या टोकावर ने आणि तिथे एका मित्राच्या पायाखाली दाबून ठेव, त्याच्या पायापाशी बॉल ठेव. आता जमिनीवर एक लांबट त्रिकोण दिसेल. बॉल गोलमध्ये जायचा तर या त्रिकोणातूनच जाणार. गोल ३.६६ मीटर रुंद, डीचं टोक गोलपासून १४.६३ मीटर. तू गोललाइनवर उभा राहिलास तर पूर्ण ३.६६ मीटर तुझ्या गळ्यात. तीन मीटर पुढे आलास की दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर साधारण २.९ मीटर उरतं. पाऊण मीटर गोल तू एकही उडी न मारता बंद केलास! दोन्ही हात पसरून उभा राहा आणि दोऱ्या तुझ्यापासून किती लांब आहेत ते डोळ्यांनी बघ.

मग मित्राला बॉल घेऊन डीच्या रेषेवरून हळूहळू उजवीकडे-डावीकडे सरकू दे, दोरी ताणलेलीच ठेवून. तू दरवेळी त्रिकोणाच्या बरोबर मधोमध यायचंस. तुझ्या लक्षात येईल की तुझी वाट सरळ रेषेतली नाही, एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टपर्यंत जाणारी ती कमान आहे. ही कमान तुझ्या पायांना पाठ झाली पाहिजे, कारण मॅचमध्ये दोरी नसते आणि गोल तुझ्या पाठीमागे असतो. मागे वळून बघायची सोय नाही. म्हणून खुणा वापर. पेनल्टी स्पॉट समोर दिसतो, तो गोलच्या मध्यापासून ६.४० मीटरवर असतो. बॉल लांब असताना स्टिकनं किंवा ग्लव्हनं पोस्टला हात लावून ये. मोठे मोठे गोलीही पोस्टला ठकठक करताना दिसतात, त्यात काही टोटका नाही, ते आपली जागा मोजत असतात.

आता तुझी डावी बाजू. समोरच्या टीमचा राइट विंग (उजव्या कडेनं खेळणारा फॉरवर्ड) तुझ्या डाव्या हाताला येतो आणि हॉकीत फोरहँडमुळे बरेचसे हल्ले त्याच बाजूनं होतात. शिवाय स्टिक तुझ्या उजव्या हातात. पुष्कळ मुलं नकळत स्टिकच्या बाजूला झुकून उभी राहतात, उजवा खांदा खाली, वजन उजव्या पायावर. मग डावीकडे जायचं तर आधी वजन इकडून तिकडे न्यावं लागतं. मित्राला तुझा समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांग. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का? वजन चवड्यांवर आहे का? डोकं गुडघ्यांच्या पुढे आहे की मागे? टाचांवर बसलेला गोली आधीच हरलेला असतो. हात कमरेपाशी लटकवू नकोस, दोन्ही ग्लव्ह तुझे तुला डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसले पाहिजेत.

ताशी १०० किलोमीटरच्या वेगानं सुटलेला बॉल डीच्या टोकावरून गोललाइनपर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात येतो. तेवढ्यात तुझं वजन चुकीच्या पायावर असेल तर कुठलाही व्यायाम उपयोगी नाही. आणि विंग बेसलाइनवरून आत घुसला, तर पोस्ट सोडू नकोस. डाव्या पायाची टाच पोस्टला लागलेली, अंग बॉलकडे, उभाच. तो तुला खाली पाडायची वाट बघत असतो. तू आडवा झालास की तो मागे, पेनल्टी स्पॉटकडे बॉल देतो आणि तिथे उभा असलेला पोरगा रिकाम्या गोलमध्ये ढकलतो. हा गोल माझ्या डोक्यात जातो. तो मारणाऱ्यानं मिळवलेला नसतो, गोलीनं वाटलेला असतो.

अडवल्यावर बॉल कुठे जातो, तेही बघ. हल्लीचे पॅड आणि किकर (पावलांवरची कवचं) फोमचे, बॉल त्यांच्यावरून टणकन परत जातो. पाय नुसता समोर धरलास तर तो परत समोरच्याच स्टिकवर. पायाची आतली बाजू वळव, बॉल साइडलाइनकडे पाठव. मधोमध कधीही नाही. सरावाला दोन्ही बाजूंना चपलांचं एकेक गेट कर आणि प्रत्येक सेव्ह त्या गेटमधून बाहेर काढ.

आणि बोल! बहुतेक शाळकरी गोली गप्प असतात. पूर्ण मैदान फक्त तुला समोर दिसतं, बाकी सगळ्यांची कुणाकडे ना कुणाकडे पाठ असते. आधी नाव घे, मग एकच शब्द: ‘डावीकडे’, ‘थांब’, ‘सोड’. नाव न घेता ‘अरे पकड, पकड’ ओरडलास तर चौघंही पकडायला धावतात किंवा कुणीच जात नाही.

डाइव्ह शिकायची ती शेवटी, पाय पुरले नाहीत तेव्हासाठी. टोकियो ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ ला जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला पीसी मिळाला आणि श्रीजेशनं तो अडवला, ब्राँझ आलं. तो तुकडा पुन्हा लाव आणि फ्लिक सुटायच्या आधीच्या क्षणाला थांबव. त्याचे पाय कुठे आहेत बघ.

बॉल जोरात आला की माझे डोळे आपोआप मिटतात. मैत्रिणी हसतात. मी गोलमध्ये उभी राहू की सोडून देऊ? (कोल्हापूर)

सोडू नकोस. पापण्या मिटणं हा भित्रेपणा नाही, शरीराची सवय आहे आणि सवय मोडते.

जुने टेनिसबॉल गोळा कर. प्रत्येकावर स्केचपेननं मोठे ठिपके काढ, काहींवर लाल, काहींवर निळे. हेल्मेट घालून उभी राहा आणि कुणालातरी पाच-सहा मीटरवरून छातीच्या उंचीवर फेकायला सांग. बॉल ग्लव्हला लागायच्या आधी रंग मोठ्यानं सांगायचा. रंग सांगायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. सुरुवातीला अंदाजानं सांगशील, फेकणारीला कळेल. मग फेकायचा वेग वाढव. टेनिसबॉल निर्धास्त जमू लागले की मगच खरा बॉल, तोही आधी पुश, मग हिट.

एक तपासून घे, तुझं हेल्मेट सैल तर नाही? मान हलवली की जाळी डोळ्यांपुढे सरकत असेल तर कुणाचेही डोळे मिटतील. शाळेचं एकच हेल्मेट सगळ्यांत फिरत असेल तर हे हमखास होतं.

डाव्या ग्लव्हनं बॉल झेलून धरायचा नाही, उघड्या तळव्यानं वळवायचा. बॉलवर अंग टाकून पडून राहायचं नाही, अंपायर शिट्टी मारेल. आणि पायानं, अंगानं खेळायची मुभा आपल्या डीच्या आतच. डीबाहेर आलीस की तू इतरांसारखीच, फक्त स्टिक.

माझा मुलगा बारा वर्षांचा, अंगानं जरा भरलेला. शाळेत त्याला ‘तू गोलमध्ये उभा राहा’ म्हणून सांगितलं. आम्हाला जरा अपमानास्पद वाटलं. शिवाय किटचा खर्च मोठा दिसतो. काय करावं? (नाशिक)

ज्या कारणानं उभं केलं ते कारण चुकीचंच आहे, तुमचा राग रास्त आहे. गोलीला मैदानभर धावावं लागत नाही, पण तीन-चार मीटर जितक्या झपाट्यानं तो जातो तितकं कुणी जात नाही. शिक्षकांशी शांतपणे बोला. या वयात त्यानं आठवड्यातला काही वेळ तरी मैदानात, स्टिक घेऊन, इतरांबरोबर खेळावं. ड्रिब्लिंग न येणारा गोली पुढे अडतो.

पण गोलमध्ये उभं राहणं हा अपमान, हे मनातून काढून टाका. शंकर लक्ष्मण हे नाव तुमच्या मुलाला सांगा. महूचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले जवान. १९५६, १९६० आणि १९६४ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक फायनलमध्ये भारताचे गोली. १९६४ ला टोकियोत पाकिस्तानला आपण १-० नं हरवलं ते त्यांच्या सेव्हवर. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत ते कप्तान होते आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. आणि हे सगळं आजच्यासारखं हेल्मेट आणि फोमचे पॅड नसताना! अलीकडे श्रीजेश रिओ ऑलिंपिकमध्ये कप्तान होता, महिला संघाचं नेतृत्व सविता पुनियानं केलं. उरलेसुरले खेळाडू कप्तान होत नाहीत.

किटबद्दल. सगळं नवं घेऊ नका, वाढतं वय आहे. मोठ्या मुलांचे पॅड वारशानं मिळतात, क्लबांत विचारा. दोन गोष्टी मात्र दुसऱ्याच्या नकोत, नीट मापाच्या घ्या: हेल्मेट गळ्याच्या गार्डसकट आणि अॅब्डो गार्ड (जांघेचं कवच). क्रिकेटचं हेल्मेट चालवून घेऊ नका आणि क्रिकेटचे पॅडही नकोत, त्यात पाऊल उघडं राहतं. हॉकीचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, टणक. पावलाला लागला की मूल आठवडाभर लंगडतं. छातीचा गार्ड आणि ग्लव्ह जुने चालतील, फाटलेले नाहीत ना ते बघा. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून मोठे पॅड घेतलेत तर गुडघा वाकणार नाही आणि मुलगा खांबासारखा उभा राहील. पट्ट्यांची बक्कलं पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत, नाहीतर एकमेकांत अडकून तो पडेल.

आमच्याकडे टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) नाही, मुरुमाचं मैदान आहे. मुलं जिल्ह्याच्या पुढे गेली की टर्फवर गोंधळतात. काय करून घ्यावं? (क्रीडाशिक्षक, बीड जिल्हा)

धनराज पिल्ले खडकीत मोडक्या स्टिकनं आणि टाकून दिलेल्या बॉलनं शिकला, हे तुम्ही मुलांना सांगत असालच. पण नुसत्या त्या गोष्टीनं टर्फ जमत नाही.

मुरुमावर बॉल उसळतो, म्हणून मुलं तो स्टिकनं दाबून थांबवतात आणि ताठ उभी राहून खेळतात. टर्फवर बॉल सरळ आणि फार वेगानं येतो. तिथे खाली वाकायला हवं, रिव्हर्सला (डावीकडचा बॉल स्टिक उलटी करून खेळताना) तर स्टिक जवळजवळ आडवी टाकायला लागते. शाळेत सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट असेल तर आठवड्यातून दोनदा तिथे न्या. पाच विरुद्ध पाच, फक्त पुश, हिट बंद. बॉल सरळ येईल, जागा कमी, विचार लवकर करावा लागेल. गोलीला मात्र सिमेंटवर पडायला लावू नका, त्याच्यासाठी वाळूचा किंवा गवताचा तुकडा शोधा. आणि स्पर्धेच्या गावी एक दिवस आधी पोचायची परवानगी मुख्याध्यापकांकडून कशीही मिळवा. ओल्या टर्फवर अर्धा तास नुसतं ट्रॅपिंग, म्हणजे बॉल थांबवणं, केलं तरी फरक पडतो.

शूटआउटला गोलीनं काय करावं? आमचा कॉलेजचा गोली पुढे धावतो आणि पहिल्याच डॉजला आडवा होतो. (मुंबई)

शूटआउट म्हणजे बरोबरीनंतर निकालासाठी एक मारणारा विरुद्ध एक गोली. मारणारा २३ मीटर लाइनवरून निघतो, त्याच्याकडे आठ सेकंद. गोली गोललाइनवरून. तुमच्या गोलीला घड्याळ आपल्या बाजूचं आहे हे अजून पटलेलं नाही, म्हणून तो घाई करतो. घाई मारणाऱ्याला असायला हवी.

शिट्टी झाली की झपाट्यानं पुढे यायचं, पण डीच्या टोकाकडे जाताना पावलं लहान करत यायचं. मारणाऱ्याला सरळ वाट बंद झाली की तो बाजूला जातो. जाऊ द्यावं. त्याला त्याच्या रिव्हर्सच्या बाजूला, बेसलाइनकडे ढकलत न्यायचं आणि त्याच्याबरोबर उभ्यानं सरकत राहायचं. बॉल त्याच्या स्टिकपासून सुटला तरच पाय किंवा स्टिक टाकायची. आधी टाकली तर गोल, किंवा फाऊल होऊन स्ट्रोक. स्ट्रोक म्हणजे ६.४० मीटरवरून, आणि बॉल सुटेपर्यंत पाय गोललाइनवर. त्यापेक्षा शूटआउट बरा.

पॅरिसला क्वार्टर फायनलमध्ये अमित रोहिदासला रेड कार्ड मिळाल्यावर आपण दहा जण खेळलो, १-१ अशी बरोबरी झाली आणि ग्रेट ब्रिटनला शूटआउटमध्ये ४-२ नं हरवलं. ती मॅच गोलीला दाखवा. सरावाला बाजूला उभ्या मुलांनी मोठ्यानं सेकंद मोजायचे. पाचपर्यंत गोली पायांवर राहिला की बाकीचे तीन आपसूक मारणाऱ्याच्या अंगावर येतात.

मी डावखुरी आहे. डावखुऱ्यांची स्टिक कुठे मिळेल? (रत्नागिरी)

मिळणार नाही. नियमाप्रमाणे स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते, सगळ्यांना तीच स्टिक वापरावी लागते. पण हॉकीत डावा हात वर असतो आणि स्टिक फिरवायचं सगळं काम तोच करतो. उजव्या हाताची सवय असलेल्या मुली महिनोन्महिने जो हात तयार करतात तो तुझा आधीच तयार आहे. दुकानात जा, नेहमीची स्टिक घे. उंची कमरेच्या हाडापर्यंत.